काचेच्या पाटीचे कपाळ

"विजय. विजयचा बाप जयराम. जयरामचा बाप..."

प्रतीक्षा अडखळली. हातातला टॅब छातीशी धरून तिने दाराकडे पाहिले. दारात तिची आजी भागीरथी उभी होती. तिने नुसते ओठ हलवले.

"भैरू," प्रतीक्षा म्हणाली.

"गाव?"

"चंदगड तालुका, बाई."

"ठेव आता."

चौरंगाशेजारच्या खुर्चीत ताठ बसलेल्या सुमंगलाबाईंनी बोटाने जागा दाखवली. सरस्वतीच्या तसबिरीपुढे पांढऱ्या धोतरावर टॅब ओळीने मांडले जात होते, आणि प्रत्येक मुलाला आपला टॅब ठेवण्यापूर्वी बाप, आजा आणि पणजा यांची नावे उच्चारावी लागत होती. गोव्यातल्या कोरगावच्या या प्राथमिक शाळेत पाटीपूजनाची ही रीत सुमंगलाबाईंच्या सासऱ्यांनी, दत्ताराममास्तरांनी घातलेली. पुढे बाई स्वतः इथे मुख्याध्यापिका झाल्या, निवृत्त झाल्या, शाळा समितीच्या अध्यक्षा झाल्या. रीत मात्र त्यांनी ढळू दिली नाही. ज्याला मागच्या तिघांची नावे येत नाहीत त्याने पुढचा धडा उघडू नये, असे त्या म्हणत. आणि त्या म्हणत ते या शाळेत होत असे.

गावच्या मुलांनी नावे घडाघडा म्हटली. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या खोल्यांतून येणाऱ्या मुलांना मात्र कालपासून घरी विचारून पाठ करावे लागले होते.

गंधाची सहाण आणि कुंकवाची वाटी गौरेशच्या हाती दिली होती. तो पहिल्या टॅबपाशी थबकला.

"बाई, कुंकू खंय लावूं?"

"पाटीला लावतो तिथेच. वर, मधोमध. तिथे तिचं कपाळ असतं."

"पण हिका कपाळार दोळो आसा, बाई! शंकरासारको!"

मुले खिदळली. टॅबच्या वरच्या कडेला मधोमध तो काळा, मोहरीएवढा ठिपका सगळ्यांच्याच ओळखीचा होता. वर्गशिक्षिका वैशाली त्या वेळी मागच्या खोलीत प्रसादाच्या पंचखाजासाठी नारळ खवत होती, नाहीतर तिने काहीतरी म्हटले असते.

"मग त्या डोळ्यावरच लाव," सुमंगलाबाई म्हणाल्या. "कुंकवाने डोळा मिटत नाही, उजळतो."

गौरेशने ओले गंध लावले, त्यावर कुंकू टेकवले आणि तो पुढच्या कपाळाकडे वळला.

हे टॅब गेल्या जूनमध्ये शाळेत आले, तेव्हा सुमंगलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नव्हते. "काचेवर अक्षर टिकत नाही, घसरतं," एवढेच त्या वैशालीला म्हणाल्या होत्या. वैशाली त्यांचीच विद्यार्थिनी. तिने वाद घातला नाही. पण एका सकाळी बाई सहज येऊन शेवटच्या बाकावर बसल्या आणि त्यांच्या पुढ्यात ही प्रतीक्षा होती. आदले वर्ष अर्धे सरल्यावर शाळेत आलेली, निम्मा अभ्यास कुठल्यातरी दुसऱ्या गावात राहून गेलेली. काचेवर एक भाकरी होती. तिचे तुकडे बोटाने ओढून चार ताटांत सारखे वाढायचे होते. मुलगी चुकली की तुकडा निमूटपणे परत भाकरीला जाऊन चिकटे. ती पुन्हा चुकली, पुन्हा चिकटला. काच रागावली नाही, सुस्कारा सोडला नाही, शेजारच्या हुशार मुलाकडे पाहिले नाही. शेवटी चारही ताटे भरली तेव्हा मुलीने मान वर केली. तिच्या तोंडावरचे हसू पाहून सुमंगलाबाईंना आपल्या हातातली, आता नसलेली छडी आठवली.

त्या उठल्या आणि वैशालीला म्हणाल्या, "हिला पाटीचा मान द्यायला हवा. यंदा पूजेत हीच मांडू."

तो मान आज यथासांग झाला. आरती झाली, पंचखाज वाटले गेले, आणि बाईंनी दरवर्षीप्रमाणे बजावले, "आता अनध्याय. उद्या दसऱ्याची उत्तरपूजा होईतो कोणी अक्षर वाचायचं नाही, लिहायचं नाही. पाट्या देवीच्या आहेत."

मुलांना ही आज्ञा वर्षातली सर्वांत गोड वाटे. ती अंगणात पळाली.

वैशालीचा फोन वाजला तो त्यानंतर. संदेश वाचता वाचता ती पायरीवरच उभी राहिली. मग तिने आधी भागीरथीला हाक मारली आणि दोघी मिळून बाईंपुढे आल्या.

"बाई, निवासी शाळेची प्रवेश चाचणी. दसऱ्यानंतर होती ती आज घेतायत. तीन ते चार. चुकली तर पुन्हा नाही."

"आपल्याकडून कोण आहे?"

"प्रतीक्षा एकटीच."

सुमंगलाबाईंनी भागीरथीकडे पाहिले. त्यांना ठाऊक होते. प्रतीक्षाच्या बापाचे, विजयचे, तुयेच्या कारखान्यातले काम या महिन्यात संपत होते आणि दसरा झाला की ते बिऱ्हाड गावी परतणार होते. प्रतीक्षा चौथीत होती आणि इथली शाळा चौथीपर्यंतच. गावी पाचवीची शाळा दूर, धाकटी दोन भावंडे घरात, आई दिवसभर रानात. निवासी शाळेत जागा मिळाली तर ही मुलगी इथे राहून शिकणार होती. नाही मिळाली तर तिचे शिक्षण कुठे थांबणार हे कोणी सांगायला नको होते.

"दुसऱ्या कशावर देता येणार नाही?"

"नाही, बाई. ज्या टॅबवर नाव नोंदलंय त्यावरच. तो आधी तिचा चेहरा ओळखतो, मग प्रश्न देतो."

तो टॅब तसबिरीपुढे होता. त्यावर झेंडूचे फूल होते.

"नाही," सुमंगलाबाई म्हणाल्या. "मांडलेली पूजा मोडत नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या वेळी बाहेर पाखले, पोर्तुगीज शिपाई, उभे असताना मोडली नाही, आज मी मोडू?"

वैशालीने काही बोलायला तोंड उघडले. तिच्याआधी भागीरथीच बोलली.

"असू द्या, बाई. देवीम्होरं ठिवलंय न्हवं, मग ऱ्हाऊ दे. पोरीच्या वाट्याला असंल तर दुसरं कायतरी ईल." आणि तिने अंगणाकडे वळून हाक मारली, "प्रतीक्षा, चल गं. हात धुऊन घे."

तिच्या स्वरात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. असता तर सुमंगलाबाईंना सोपे गेले असते.

काही वर्षांपूर्वी शाळेचा पट इतका उतरला होता की शेजारच्या गावातल्या शाळेत ही शाळा विलीन करायचे ठरत आले होते. दत्ताराममास्तरांनी बांधलेल्या भिंतींना कुलूप लागणार होते. कोणापुढे हात पसरणे बाईंना ठाऊक नव्हते. त्या एकट्याच शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या होत्या. समोर कुंपणाची भिंत चढत होती आणि तिथे दगड वाहणारी एक बाई दोन दिवस त्यांच्याकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. सोमवारी आली, ती तुयेच्या खोल्यांतली मुले मागे घेऊन. कोल्हापूरकडची, बेळगावकडची, नाकातून शेंबूड गळणारी, पण पोरे होती. भागीरथीने खोलीखोलीतून आयांशी भांडून ती गोळा केली होती. शाळा राहिली. पुढे मुलांची ने-आण करणारी शाळेची गाडी, बालरथ, सुरू झाला तेव्हा त्यावर मदतनीस म्हणून बाईंनीच तिला लावून घेतले.

सगळ्यांदेखत बाई म्हणाल्या होत्या, "भागीरथी, हे ऋण माझ्यावर आहे. फेडल्याशिवाय मी जाणार नाही."

"फेडा की सावकाश," भागीरथी हसून म्हणाली होती.

पण फेडू मात्र देत नव्हती. दिवाळीला लुगडे पाठवले, तिने नेसले आणि म्हणाली, "ब्येस हाय. पर ह्ये त्याचं न्हवं, बाई." मदतनिसाचे काम लावले तेव्हाही म्हणाली, "ह्ये बी त्याचं न्हवं. हितं मी राबतीया." सुमंगलाबाई घरात चिडत. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांचे कोणाकडे काही राहिले नव्हते, या एका बाईखेरीज.

आणि आज ती बाई नातीचा हात धरून बालरथाकडे निघाली होती.

"थांब," सुमंगलाबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवरून उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली तिकडे त्यांनी लक्ष दिले नाही. चौरंगापुढे बसून त्यांनी आचमन केले, चिमूटभर अक्षता उचलल्या.

"बाई, उत्तरपूजा उद्या..." वैशाली हळूच म्हणाली.

"सगळी नाही. देवीला कोण उठवतंय? हिची एक पाटी तेवढी मागून घेते. आईकडून वस्तू मागून घेता येते."

प्रतीक्षाच्या टॅबवर अक्षता वाहून त्यांनी तो उजव्या हाताने किंचित उत्तरेकडे सरकवला, जसा दसऱ्याला सगळा चौरंग सरकवत. ओठांतल्या ओठांत चार शब्द म्हटले. फूल काढून तसबिरीच्या पायाशी ठेवले. दारात मुले जमली होती.

"बाई, आमच्यो पाटयो पण उठल्यो?" गौरेशने घाबरून विचारले.

"नाही रे. तुमच्या निजल्यात. आवाज करशील तर उठतील."

तो ताबडतोब गप्प झाला.

प्रतीक्षा बाकावर बसली. वैशालीने टॅब उघडला, नाव भरले, आणि काचेवर मुलीचा चेहरा यायच्या जागी तांबूस धुके आले. खाली अक्षरे उमटली: चेहरा दिसत नाही. वैशालीने टॅब जनेलाकडे, खिडकीच्या उजेडात धरला. पुन्हा तेच. मुलगी मान उंच करून, डोळे मोठे करून बसली. पुन्हा तेच.

मग वैशालीचे लक्ष वरच्या कडेकडे गेले. गंध सुकून कडक झाले होते आणि त्यावर कुंकू घट्ट बसले होते. काळा ठिपका पुरता झाकला होता.

"अगो बाई, कॅमेऱ्यावरच!"

तिने पदर हातात घेतला आणि तो तसाच अर्ध्यावर राहिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पूजेचे कुंकू, तेही कपाळावरचे. ती लग्न झालेली, नवरा दूर बोटीवर. तिने भागीरथीकडे पाहिले. भागीरथीने नकळत आपल्या कपाळाला हात लावला. तिचा नवरा जयराम गावी राखणीला होता, आजारी होता.

"कसं पुसू, बाई?" वैशाली पुटपुटली. "मुलीकडून पुसून घेऊ?"

"पोरीच्या हातून? अजिबात नाही. सरा तुम्ही सगळ्या."

सुमंगलाबाई पुढे झाल्या. त्यांनी पदराचे टोक तांब्यात बुडवले.

"माझं पुसून झालंय," त्या म्हणाल्या. "मला काय व्हायचं उरलंय?"

लहान मुलाचे तोंड पुसावे तसे त्यांनी ते कपाळ पुसले. आधी ओल्या टोकाने, मग कोरड्याने. गंध सहज निघेना, तेव्हा नखाने अलगद खरवडले. काच लख्ख झाली. आत प्रतीक्षा दिसली, घामेजलेली, बटा सुटलेली, आणि तिच्या खांद्यामागे अर्धवट कापला गेलेला बाईंचा स्वतःचा चेहरा.

"बाजूला व्हा, बाई," वैशाली म्हणाली. "तुमचा चेहरा आला तर घेणार नाही."

या शाळेत सुमंगलाबाईंना बाजूला व्हायला आजवर कोणी सांगितले नव्हते. त्या झाल्या.

पहिला प्रश्न आला आणि मुलीचे बोट काचेवर फिरू लागले. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या. बालरथाच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी नुसते पाहिले. त्याने पुन्हा वाजवला नाही. अंगणातली मुले काजूच्या झाडाखाली कुजबुजत खेळत होती. भागीरथी पायरीवर बसली होती. तिला आतले काही कळत नव्हते, तरी नातीचे बोट थांबले की तिचा श्वास थांबे आणि बोट चालले की चाले.

शेवटी काचेवर हिरवी खूण आली. वैशालीने टॅब मिटला आणि डोळे पुसले. प्रतीक्षाने तो दोन्ही हातांनी नेऊन आपल्या जागी ठेवला, नमस्कार केला आणि कोणी काही विचारण्याआधीच खेळायला पळाली.

"अपूर्णांक सगळे आले तिला," वैशाली म्हणाली. "निकाल पंधरवड्यात."

भागीरथी उठली. बाईंच्या पाया पडायला वाकली, तशा बाईंनी पाय मागे घेतले.

"राहू दे. एक सांग. ती लागली, तर सुट्टीला कुणाकडे येणार? तुम्ही तर निघालात."

"त्येच म्या बगत हुते." भागीरथीने लुगड्याचा काठ सारखा केला. "कुनाचं तरी नाव द्यावं लागतंय म्हनं."

"माझं दे."

"आनि न्हाई लागली, तर?"

सुमंगलाबाईंनी अंगणाकडे पाहिले. प्रतीक्षा धावताना पडली होती आणि उठून पुन्हा धावत होती.

"तरी माझंच दे. पाचवीची शाळा पेडण्याला आहे, बस दारावरून जाते. माझ्या घरात राहील, माझ्या ताटात जेवेल. शिकेल तेवढी शिकवीन. मी नसले तर माझी सून शिकवील. तिला मी आज रात्री सांगते. तुझी नात म्हणून नव्हे, घरची म्हणून."

भागीरथीने बालरथाकडे पाहिले, मुलांना हात करून आत बसायला सांगितले, दोन पायऱ्या उतरली आणि वळली.

"बाई."

"काय?"

"फिटलं."

सुमंगलाबाईंनी मान हलवली.

"सगळं?"

"सगळं," भागीरथी म्हणाली आणि मुले मोजायला गाडीकडे गेली.