कडू दाण्यांचं पाणी

अण्णांनी पहिला घास चावला आणि अंगठा तर्जनीवर घासून पाहिला. समोर बसलेली अस्मिता त्यांच्या बोटांकडे बघत होती.

“हे मटण नाही.”

“खिमाच आहे, अण्णा.”

“हाताला ओशट लागत नाही. बापाला शेंड्या लावतेस?”

चाळीस वर्षं लग्नांच्या पंगतींना मटण रांधलेल्या आचाऱ्याला फसवायला निघाली होती ती! उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये शंकरअण्णांच्या रश्श्याची चव माहीत नाही असं त्यांच्या वस्तीत एक घर नव्हतं. पण करणार काय? हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मटण बंद केलं, साखर आधीपासून होतीच, आणि अण्णांनी जेवणाशीच कट्टी घेतली. आठ महिन्यांत सोळा किलो वजन उतरलं. गेल्या आठवड्यात डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, प्रथिनं पोटात गेली नाहीत तर हे हाती लागायचे नाहीत.

शेवटी तिने खरं ते सांगून टाकलं. आनंदनगर एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात ती माल तपासायची, तिथे ल्युपिन नावाच्या परदेशी कडधान्याचा हा खिमा बनत होता. शंभर ग्रॅम सुक्या दाण्यांत छत्तीस ग्रॅम प्रथिनं, चोथा भरपूर, पिष्ट जवळजवळ नाहीच, त्यामुळे साखर उसळत नाही. शाळेत कविता म्हणावी तशी ती बोलत गेली. अण्णांनी ताट सरकवलं.

“आकडे राहू दे. दाणा दाखव.”

तिने पर्समधून नमुन्याची पुडी काढली. पिवळट पांढरे, चपटे, शर्टाच्या बटणाएवढे दाणे. ती काही बोलायच्या आत अण्णांनी एक दाढेखाली फोडलासुद्धा.

“थुंका! कच्चा विषारी असतो तो!”

ते मोरीत थुंकले, चुळा भरल्या. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं, पण डोळ्यांत कित्येक महिन्यांनी काहीतरी हललं.

“एवढा कडू? मग खाता कसा?”

“उकळायचा, मग पाण्यात ठेवायचा. चार-चार तासांनी पाणी बदलायचं. पाच दिवस.”

“पाण्यात काय घालता? चुना? राख?”

“काही नाही. नुसतं पाणी.”

अण्णांनी नळ सोडला आणि पाण्याखाली बोटं धरली.

“एवढं विष,” ते म्हणाले, “आणि नुसत्या पाण्यानं जातं.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्याकडून अर्धा किलो दाणे मागवले. सोमवारी ती कामावरून आली तर ओट्यावर मोठा टोप, आणि भिंतीला धरून अण्णा उभे. शुक्रवारी पाणी बंद असतं म्हणून गुरुवारीच त्यांनी दोन पिंपं भरून ठेवली. पाण्याचा पेला उचलायचा ज्यांना कंटाळा यायचा, त्यांनी! पहाटे पाणी बदलायलाही तिने हात लावलेला त्यांना चालेना. दर वेळी दाण्याचा कण जिभेवर ठेवायचे, थांबायचे, थुंकायचे.

शुक्रवारी सकाळी अस्मिताला काहीच कडू लागलं नाही.

“अजून आहे,” अण्णा म्हणाले. “जिभेच्या मुळाशी येतं. उशिरा येतं.”

तिने दहा दाणे डबीत घालून कारखान्यात नेले. यंत्राने विषाचा आकडा दाखवला, मर्यादेच्या अगदी केसभर वर. तिने दुसऱ्यांदा तपासलं. तोच आकडा. पाच वर्षं ती याच दाण्याचे गुण पाठ करत आली होती आणि त्याच्याकडे नीट कधी पाहिलंच नव्हतं. एवढंसं बी, त्यात माणसाला उभं करायचं बळ, आणि त्यावर राखणीला हा कडूपणा. तो किती उरलाय हे तिच्या सत्तरीच्या बापाच्या जिभेला कळत होतं. तिला हात जोडावेसे वाटले, कोणाला ते कळेना.

शनिवारी सकाळी पुन्हा नेलेल्या दाण्यांना यंत्राने संध्याकाळी पास दिला, तसा तिने घरी फोन लावला.

“अण्णा, दाणे—”

“कडू दुपारीच गेलं. भाकऱ्या टाकतोय, लवकर ये.”

खिमा त्यांनी केलाच नाही. दाणे अख्खे ठेवले, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, आपल्या मसाल्यात. एक भाकरी खाल्ली. मग अर्धी. मग वाटीतला रस्सा बोटाने पुसून घेतला. दृष्ट लागेल म्हणून अस्मिता आपल्या ताटाकडेच बघत जेवत होती. तिला रडू येत होतं आणि घास गोडही लागत होता.

हात धुऊन अण्णांनी पुडीतले उरलेले कोरडे दाणे काढले आणि धुवायला घेतले.

“आता हे कोणाला?”

“शेजारच्या मुकेशला. त्यालाही साखर आहे. आज शनिवार, गुरुवारी होतील तयार.”

“परत पाच दिवस एवढी उठबस? जमेल तुम्हाला?”

“न जमायला काय झालं? आहे की मी,” असं म्हणत अण्णांनी टोप नळाखाली धरला.