आंघोळीचा वार

त्या इमारतीत आंघोळ आठवड्यातून एकदाच व्हायची, आणि ज्या दिवशी आंघोळ त्या दिवशी रविवार. बाहेरच्या जगात कुठला का वार असेना.

हा शोध आयाबाईंचा. बावीस वर्षांपूर्वी त्या बायकांच्या वॉर्डात नव्याने लागल्या, तेव्हा आंघोळ खरोखरच रविवारी असे. वेड्यांचं ते इस्पितळ शंभर वर्षांचं. माणसांना साखळीने बांधायच्या कड्या अजून भिंतीत होत्या. आता त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधत, आणि तेवढ्यावर सगळे म्हणत की काळ सुधारला. दर तीन महिन्यांनी एका गुरुवारी समिती यायची आणि कोणाला घरी सोडायचं ते ठरवायची. एकदा समितीचे अध्यक्ष नाकाला रुमाल लावून बसले आणि जाताना मेट्रनला म्हणाले, "वास सहन होत नाही हो." वास का येतो, हे काही त्यांनी विचारलं नाही. मेट्रनने आंघोळ गुरुवारवर आणली.

बायका अडून बसल्या. आंघोळ रविवारी, मग आज कपडे का काढायचे? तेव्हा आयाबाईंनी शक्कल लढवली. "अगं, आज रविवारच आहे," त्या म्हणाल्या. काम झालं. मेट्रनने पाठ थोपटली. ज्या बाईने "नाही, आज गुरुवार" असा हट्ट धरला, तिची दोन दिवस कोठडीत रवानगी. पुढे नवी आलेली एखादी तसं म्हणायची, आणि कोठडीतून रविवार शिकून बाहेर यायची.

आंघोळ म्हणजे तरी काय होती? चाळीस बायका उघड्या रांगेत उभ्या, एक नळी, कपडे धुवायचा साबण, आणि सहाजणींत एक टॉवेल. शेवटच्या सहावीच्या वाट्याला टॉवेल येई तो गार, चिकट आणि दुसऱ्यांच्या केसांनी भरलेला. मोरी तुंबलेली असे आणि घोट्यापर्यंत राखाडी पाणी साचे. पहिल्या महिन्यात आयाबाईंना घरी जाऊन जेवण जात नव्हतं. नंतर जाऊ लागलं. माणूस कशालाही सरावतो, त्यातलाच हा किळसवाणा प्रकार.

आज शिवणबाईची वर्षातून एकदा येणारी पाळी होती. अख्ख्या वॉर्डाचे झगे शिवते म्हणून ती शिवणबाई. एकोणीस वर्षांपूर्वी बाळंतपणात मूल गेलं, तिची वाचा बसली, नवऱ्याने इथे आणून सोडलं आणि दुसरं लग्न केलं. वाचा वर्षभरात परत आली. नवरा आला नाही. आता तिच्या बहिणीची मुलगी तिला न्यायला आली होती. ती बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत मावशीसाठी नव्या चपला होत्या. समितीने आज हो म्हटलं, तर मावशी तिच्याबरोबर घरी जाणार होती. नाही म्हटलं, तर पुन्हा वर्षभर इथेच.

समितीच्या खोलीला काचेचं दार होतं. एरवी आयाबाई एकेकीला आत सोडून दाराबाहेर उभ्या राहत. आतलं दिसे, ऐकू येत नसे. एक मात्र त्यांनी कैकदा पाहिलं होतं. एका प्रश्नाला बाई थांबायची, वळून काचेतून त्यांच्याकडे बघायची आणि मग उत्तर द्यायची. आयाबाई घरी कौतुकाने सांगत, "माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही. मला बघितलं की धीर येतो त्यांना."

आज शिपाई रजेवर होता, म्हणून फायली घेऊन त्यांनाच आत बसावं लागलं.

अध्यक्ष चहात बिस्कीट बुडवत होते. "नाव सांग," ते म्हणाले. शिवणबाईने सांगितलं. साल सांगितलं, भाचीचं नाव सांगितलं. घरी जाऊन काय करशील, तर म्हणाली, शिवण करीन. उत्तरं स्वच्छ, हात मांडीवर. ओल्या केसांतून पाणी मानेवर उतरत होतं.

"आज वार कोणता?"

शिवणबाई थांबली. वळून तिने आयाबाईंकडे पाहिलं.

"रविवार," ती म्हणाली.

अध्यक्ष शेजारी बसलेल्या डॉक्टरांकडे बघून हसले आणि त्यांनी पेन उघडलं. समोर उघड्या फाईलवर एकाखाली एक शेरे होते, निरनिराळ्या अक्षरांत, अठरा वेळा तोच. दिवसाचे भान नाही. ठेवावे.

मूग गिळून बसणं सोपं होतं. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. पण त्या ओल्या केसांचा वास नाकात गेला, आणि त्यांना तो बावीस वर्षांत पहिल्यांदा आल्यासारखा आला.

"साहेब, तिचं चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "आंघोळीच्या दिवसाला आम्हीच रविवार म्हणायला लावतो. मीच लावते. सगळ्या वॉर्डाला."

डॉक्टरांनी फायलींच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"बाई, याचा अर्थ काय होतो, कळतं का तुम्हाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"कळतं साहेब."

"मग बाहेर बोलू नका. आज हिच्यापुरतं बघू." त्यांनी मिशीवरचा बिस्किटाचा चुरा पुसला आणि ते शिवणबाईकडे वळले. "हं, पुन्हा सांग. आज कोणता वार?"

तिने पुन्हा आयाबाईंकडे पाहिलं.

"सांग गं," आयाबाई म्हणाल्या. "घाबरू नकोस. खरं सांग."

शिवणबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "रविवार," ती घाईघाईने म्हणाली. "रविवारच आहे, बाई."

तेव्हा आयाबाईंना आठवलं. वाचा परत आल्यावर ती पहिल्याच आंघोळीला गुरुवार म्हणाली होती, दोन दिवस कोठडीत राहून आली होती. पुढच्या आंघोळीला आयाबाईंनीच गोड आवाजात विचारलं होतं, घाबरू नकोस, खरं सांग, आज कोणता वार? तिने खरं सांगितलं. पुन्हा दोन दिवस. त्यावर सगळ्या आया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

धीर म्हणे. त्या बायका बावीस वर्षं काचेतून धीर शोधत होत्या म्हणे. आयाबाईंना स्वतःची शिसारी आली.

त्या उठल्या. "साहेब, मी बाहेर जाते. मी दिसेनाशी झाले की विचारा."

दार लावून त्या काचेपासून लांब, भिंतीच्या आड, भाचीच्या बाकाजवळ उभ्या राहिल्या. भाचीने विचारलं, "मावशीचं काय झालं हो?" आयाबाई भिंतीकडे आणखी सरकल्या.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. डॉक्टर भाचीला म्हणाले, "घेऊन जा यांना."

भाचीने चपला काढून पुढे ठेवल्या. शिवणबाईने त्या पायात घातल्या नाहीत. छातीशी धरल्या आणि अनवाणीच फाटकाकडे निघाली, भाचीच्याही पुढे, जवळजवळ पळत. तिने मागे वळून पाहिलं नाही. आयाबाईंना त्याचं बरंच वाटलं.

वॉर्डात एकोणचाळीस बायका केस वाळवत भिंतीला टेकून बसल्या होत्या. आयाबाई मधोमध उभ्या राहिल्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. "आज गुरुवार आहे. दर वेळी गुरुवारच असतो. मी खोटं सांगत होते."

कोणीही मान वर केली नाही. कोपऱ्यातली सगळ्यांत म्हातारी बाई तेवढी थरथरत उठली, कोठडीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली आणि रडायला लागली.

"मी नाही हो म्हणाले, बाई," ती म्हणाली. "मी रविवारच म्हणत होते."