उलटवलेली गादी

"आई, ऊठ बघू. यांना गाद्या काढायच्यात."

लेकीने सोफ्याचं कापड बदलायला कारागीर आणला होता. काकू उठल्या, पण आपण अजून बसलेल्याच आहोत असं त्यांना वाटत राहिलं. हल्ली दुपारी असंच व्हायचं. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर डुलत असायचं आणि त्याच्यासोबत काकूही.

अख्खी गल्ली त्यांना कव्हरकाकू म्हणायची, ते काही उगाच नाही. सोफ्याला कव्हर, कव्हरावर चादर, त्यावर पाहुणा. टेबलावर कापड, कापडावर प्लास्टिक. त्यात काका छापखान्यात मशीनवर, हात कायम शाईचे. दारात आले की वर्तमानपत्रावर उभं राहायचं, हात रॉकेलने पुसायचे, साबणाने धुवायचे, मग कुठे घरात पाऊल. "यापेक्षा तुरुंगात शिरणं सोपं," असं म्हणत काका निमूट बोटं घासायचे.

काका गेले, आणि काकूंनी त्यांना घरभर शोधलं. शर्टांना साबणाचा वास. अभ्र्यांना उन्हाचा. टॉवेलवर, चादरीवर, भिंतीवर, कुठे म्हणून माणूस उरला नव्हता. आपणच त्यांना रोज थोडं थोडं धुऊन टाकलं, हे काकूंच्या मनाला फार लागलं होतं. लेकीला कसं सांगणार? नवं कापड आलं की आई सावरेल, असं तिला बिचारीला वाटत होतं.

कारागिराने कोपऱ्यातल्या गादीचं कव्हर काढून ती उलटी केली. "काकू, ही खालून डागाळलीय हो."

"माझ्या घरात? शक्यच नाही!" काकू तरातरा पुढे झाल्या.

गादीच्या पाठीवर काळा पंजा उमटला होता. करंगळी वाकडी, मशीनमध्ये सापडलेली. बाजूला करडा धब्बा, कुणीतरी ओल्या फडक्याने खसाखसा घासलेला. काकूंना सगळं दिसलं. अशीच एक दुपार. कव्हरं वाळत घातलेली, आपण बाजारात. दमलेला माणूस हात न धुता जरासा टेकलेला. मग त्याची ती धांदल, ते फडकं, गादी उलटी करणं आणि आपण आल्यावर साळसूदपणे चहा मागणं. वर धुतलेलं कव्हर चढवलं ते आपणच.

"चोळलंत ना?" काकू गादीलाच म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं, चोळायचं नाही, टिपायचं. चोळलं की पसरतं." आणि त्यांना हसू आलं, रडूही फुटलं.

"अगं आई, हे कापड जाणारच आहे," लेक म्हणाली. कारागिराने कात्री पुढे केली.

"हात धुतलेत का?" काकूंनी त्याला विचारलं.

त्याने हात विजारीला पुसले.

"मग ठेवा ती कात्री खाली. बाकीच्या न्या. ही राहू दे."

लेकीने आईकडे पाहिलं, मग त्या पंजाकडे, आणि कारागिराला मानेनेच जायला खुणावलं.

काकूंनी पंजावर आपला हात ठेवायला नेला आणि मध्येच थांबवला. नुकतंच डोक्याला तेल लावलं होतं. त्यांनी हात धुतले, पुसले, पंजा वर येईल अशी गादी सोफ्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि कपाटातलं सगळ्यात स्वच्छ कव्हर काढून तिच्यावर चढवलं. डागाला काही लागता कामा नये.

बाकीच्या गाद्या गेल्या होत्या, म्हणून काकू तिच्या शेजारी सोफ्याच्या उघड्या फळीवरच टेकल्या.