पाणबुडीचं पायडल

मूळचा मी सुतार. एका गेम पार्लरवाल्याने गाशा गुंडाळला तेव्हा त्याची चार मशिनं मी घेतली आणि घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मांडली. तीन सगळीकडे असायची तशीच होती. चौथं पाणबुडीच्या खेळाचं. ते बनवणारी कंपनी लवकरच बुडाली, त्यामुळे तसं दुसरं मशीन मी पुढे कधी पाहिलं नाही.

डाव्या हाताने दांडी धरून पाणबुडी फिरवायची आणि उजव्या हाताने बटण दाबून वरची जहाजं उडवायची, एवढाच खेळ. पण आमच्या लेकीचा उजवा हात जन्मापासून मिटलेला, बोटं उघडतच नाहीत. शाळेत तिला कुणी काही करू देत नसे. तू बस, आम्ही करतो, असं सगळे इतक्या मायेने म्हणायचे की तिला रागावताही येत नसे. पार्लरमधल्या पोरांना माया करायला सवड नव्हती. एकाने तिला तोंडावर सुनावलं, खेळता येत नाही तर जागा अडवून का उभी राहतेस?

त्या रात्री ती जेवली नाही. मी शिवणयंत्राचं जुनं विजेचं पायडल शोधून काढलं. पुढच्या फळीला खाली दोन भोकं पाडली, वायर आत नेऊन बटणाला जोडली. आमची ही म्हणाली, पोरीला चार धडे वाचायला लावायचे सोडून बाप तिला बोट चालवायला शिकवतोय.

हाताने दांडी आणि पायाने मारा. काही महिन्यांत तिच्याइतकं लांब कुणी जाईना. पोरं तिला कप्तान म्हणायला लागली. ती जिंकली की पोरं शिव्या घालायची, ती हरली की नाचायची, खेळताना तिला मागून ढकलायची. एकदा तर पायडलवर दगड ठेवून पळाली. लेक त्यांच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत धावली आणि हसत परत आली. तिला इतकं हसताना मी त्या खोलीबाहेर फारसं पाहिलं नाही.

पुढे घरोघरी खेळ आले आणि पार्लर बंद पडलं. तीन मशिनं मोडीत गेली. पाणबुडी चादरीखाली राहिली. लेक विमा कंपनीत नोकरीला लागली. तिथेही तेच. जाड फाइल असली की कुणीतरी अलगद तिच्या हातातून काढून घ्यायचं.

मग ती संस्था आली. जुन्या व्हिडिओ गेमचा इतिहास जपणारी माणसं. एका बंद पडलेल्या छापखान्यात त्यांचं काम चालायचं, नफ्याशी संबंध नाही. त्यांच्या संचालिका बाई आणि एक तंत्रज्ञ घरी येऊन बसले. टेप पुसल्या जातात, चिपा कुजतात, कंपन्यांना स्वतःचीच चाड नसते, आणखी काही वर्षांनी माणसं काय खेळत होती हे सांगायलाही काही उरणार नाही, असं बाई कळवळून सांगत होत्या. पाणबुडीचं हे एकच मशीन त्यांना ठाऊक होतं. आमच्या त्या खोलीला इतिहास म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. मला माणसं आवडली.

तरी मशीन द्यायला माझा जीव होईना. लेकच म्हणाली, देऊन टाका बाबा, फक्त त्यांच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला पहिला डाव माझा. बाई लगेच कबूल झाल्या. मग तिने सगळ्या ऑफिसला आमंत्रण दिलं. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे येणार होते. का, ते ती बोलली नाही. मला कळलं होतं. एकदा तरी त्यांनी तिला त्या मशीनसमोर बघायला हवं होतं.

मशीन टेम्पोत चढवताना मी तंत्रज्ञाला पायडल दाखवलं. तो खाली बसला, त्याने फोटो काढला, मी भलताच कारागीर असल्याचं म्हणाला. त्यांची पद्धतही त्याने सांगितली. प्रत्येक मशीन कारखान्यातून निघालं होतं तसं पुन्हा करायचं. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात गंज, उडालेला रंग, अंधूक झालेली काच. पायडल त्यात येतं हे मनातही आलं नाही. घरात आलेली सून काही वर्षांनी पाहुणी राहत नाही, तसं ते मशीनचंच झालं होतं.

उद्घाटनाला छापखाना माणसांनी भरला होता. आमचं मशीन मधोमध. बाजूचा लाल पट्टा नव्याने उठला होता, काच लखलखीत होती. तंत्रज्ञ मला ओढतच तिकडे घेऊन गेला आणि पुढच्या फळीवरून हात फिरवायला लावला. मी फिरवला. सबंध आयुष्य लाकडात गेलं माझं, पण भोकं सापडेनात.

तो आनंदाने म्हणाला, "नाही ना सापडत? भोकांत लांबी भरून चार वेळा घासलंय, काका. आता कुणी म्हणणार नाही की याला कधी हात लागला होता."

"पायडल?" मी विचारलं.

ते तर पहिल्याच दिवशी काढलं होतं म्हणे. बाहेरून लावलेलं जे जे असतं ते निघतं. वायर पार सडलेली होती, भंगारात गेली.

तोवर बाईंनी लेकीला बोलावलं होतं. मी तिच्याजवळ पोचलो तेव्हा तिने उजव्या पायातली चप्पल काढली होती आणि मशीनखाली पायाने चाचपत होती. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार एवढ्यात तिने मान हलवली. बोलू नका.

खेळ सुरू झाला. दांडी सोडून तोच हात बटणाकडे न्यायचा, परत दांडीवर आणायचा. पहिल्याच जहाजाने पाणबुडी बुडवली. दुसरीही, तिसरीही. सगळा डाव संपायला कितीसा वेळ लागणार.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑफिसच्या लोकांनी सगळ्यांत जास्त. त्यांतल्या एका बाईचे डोळे भरून आले होते. साहेब म्हणाले, किती जिद्द आहे बघा. लेक हसली, चप्पल घातली आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.

घरी येताना मी तणतणत होतो. तिने एवढंच विचारलं, "बाबा, ते वाईट वागले का आपल्याशी?" मला हो म्हणता येईना. याचाच जास्त संताप आला.

पुढच्या आठवड्यात तंत्रज्ञ दारात उभा. चेहरा पडलेला. मी दुखावलोय एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. पायडल पुन्हा बसवू का, असं त्याने समितीला विचारलं होतं. समिती म्हणाली, जगातलं हे एकच मशीन, मूळ रूपात आलंय, आता त्याला भोक पाडणं म्हणजे नासधूस. त्याऐवजी पायडलचा फोटो शेजारी लावतील आणि माझी आठवण माझ्याच आवाजात जपून ठेवतील.

मी नाही म्हणणार होतो. आतून लेक आली.

"जा बाबा, सांगा सगळं. फक्त मला त्यात आणू नका. ऑफिसातली ती बाई पुन्हा रडेल."

मी गेलो. छापखान्याच्या एका लहान खोलीत मला माइकपुढे बसवलं. कंपनी, रंग, नाणं अडकायचं तेव्हा कुठे थाप मारायची, पोरांच्या शिव्या, सगळं सांगितलं. शेवटी तंत्रज्ञाने पायडलचा फोटो पुढे सरकवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "हे ताईंसाठी केलं होतं ना, काका?"

"छे," मी म्हणालो. "रिकामा होतो, हात शिवशिवत होते. गंमत म्हणून लावलं. कुणी वापरलं नाही ते."

त्याने मान खाली घातली आणि ते तसंच लिहून घेतलं. फोटोखाली आता तेच छापलंय.