शांतवनरावांचं पाचारण

शांतवनरावांना देव कधीतरी मोठ्या कामाला बोलावणार, हे बारामतीच्या साऱ्या ख्रिस्ती मंडळीला ठाऊक होतं. देवाच्या कानावर तेवढं अजून गेलं नसावं.

लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा त्यांची बायको द्वारकाबाई मनाशी जमाखर्च मांडून बसली. जमेला : नवरा निर्व्यसनी, गळा गोड, प्रार्थना लांब. खर्चाला : इंदापूरच्या दवाखान्यातली कंपाउंडरी सोडली, का तर "हे माझं पाचारण नव्हे." मोरगावची मास्तरकी सोडली, कारण तेच. नरसिंहपूरच्या जत्रेत शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकायला गेले, तिथं चिंचेखाली डोळा लागला आणि पुस्तिका शेळीनं खाल्ल्या. वचन कुणाच्या तरी पोटात गेलं, एवढ्यावर द्वारकाबाईनं समाधान मानलं. सरकारची योजनासुद्धा पाच वर्षांची होती. शांतवनरावांची वीस वर्षांत आरंभालाही आली नव्हती.

घर चालायचं ते वांग्यांवर. पाटाकडेचं आबासाहेबांचं रान द्वारकाबाई वाट्यानं करायची. त्या साली फाल्गुनाच्या तोंडालाच ऊन तापलं, तशी आबासाहेबांनी समज दिली, "बाई, तुज्या हाताला गुण हाय. पन घरात दुसरा हात कुठंय? ही वांगी वाया गेली, तर रान शेजारच्या गेणूला दीन. मग मला बोल लावू नगंस."

आणि नेमकी इंदापूरला लेक बाळंत झाली. पाटाच्या पाण्याची पाळी यायची, तेव्हा द्वारकाबाई घरी नसणार होती.

"दारं धरायचं म्हंजी काय अवघड न्हाय," तिनं निघताना नवऱ्याला समजावलं. "एक सरी भरली की तिचं तोंड फावड्यानं बुजवायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. नजर पान्यावर ठेवायची. बास."

"परमेश्वर चालवील," शांतवनराव म्हणाले.

"त्यो चालवील. फावडं तुमी चालवा."

नातू बघून ती परतली, तर बांधावर गेणू बसलेला. त्याचं हसू मिशीत मावत नव्हतं.

"या वैनी. माजी म्हस तुमास्नी लई दुवा देतीया."

"का रं बाबा?"

"तुमचं मालक बांधावर गुडघं टेकून बसलं. डोळं मिटल्यालं. हिकडं बांध फुटला, पानी माज्या म्हशीच्या घासात. मी वरडतोय, 'शांतवनराव, आमेन म्हना, आमेन!' पन त्यांचं आपलं 'हे प्रभू' सरंना. मी पळत येऊन बांध घातला, तवर पाटकऱ्यानं पाळी पुढल्या रानाला दिली."

अर्धं रान भिजलं होतं. अर्ध्यातली वांगी माना टाकून उभी होती, फुलं खाली गळून पडलेली.

द्वारकाबाई ओरडली नाही. तिनं जेवायला वाढलं आणि मग विचारलं, "प्रार्थना कशापायी चालली हुती?"

"माझं पाचारण मला कळावं म्हणून," शांतवनराव भाकरीकडे बघत म्हणाले.

"अवो, मग कळलं की! पाटकरी बांधावर यून वरडला न्हवं, 'पानी सोडलंय, दारं धरा' म्हनून? देवानं आनिक कसं बोलवायचं? आभाळ फाडून?"

"तो पाटकरी होता, द्वारका."

"हितं जो असंल त्याच्याच तोंडानं बोलंल त्यो. मी बी प्रार्थना करते. हातात फावडं असतं, डोळं उघडं असत्यात. आजवर त्यानं मला म्हटलं न्हाय, आदी डोळं मिट, मग ऐकतो."

शांतवनराव त्या दिवशी जेवणानंतरची प्रार्थना विसरले. सकाळी मात्र खुरपं घेऊन रानात दिसले. खुरपं उलटं धरलं होतं, पण धरलं होतं.

पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी रविवार आला, आणि तोच मंडळीतला कापणीचा सण. प्रत्येक घरानं रानातलं पहिलं चांगलं फळ वेदीपुढं ठेवायचं आणि साक्ष द्यायची. शांतवनरावांची साक्ष म्हटलं की बाया पोरांसाठी ओच्यात शेंगा बांधून यायच्या. टोपली द्वारकाबाईची, साक्ष त्यांची, अशी वीस वर्षांची वाटणी.

टोपली ठेवली. पाळकसाहेब म्हणाले, "आता शांतवनराव." बायांनी शेंगा सोडल्या. शांतवनरावांनी घसा साफ केला.

तेवढ्यात दारात गेणूचं पागोटं दिसलं. रान ज्याला मिळायचं होतं, तोच धापा टाकत आला होता. "शांतवनराव, पानी आजच सुटलंय! पाळी लागली तुमची!"

राहिलेलं अर्धं रान ह्या पाण्यावर होतं. द्वारकाबाई सवयीनं पदर खोचून उठली. शांतवनरावांनी एकदा मंडळीकडे पाहिलं. एवढी भरलेली मंडळी, एवढा साफ झालेला घसा! मग त्यांनी तिला हातानंच 'बस' म्हटलं आणि धोतराचा सोगा वर धरून ते दारातून पळाले. वहाणा तिथंच राहिल्या.

"अहो, साक्ष?" पाळकसाहेब पायरीपर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, "द्वारकाबाई, मग तुम्ही तरी द्या."

"साक्ष पळत गेली की, पाळकसाहेब. अनवानी."

ती खाली बसली. जमेला एक रक्कम मांडावी, असं तिच्या मनात आलं. पण शाईनं नको, शिसपेन्सिलीनं. पाणी अजून शेवटच्या सरीला पोचायचं होतं.