माझ्या दस्त्यावरचा अंगठा

मित्रांनो, आधीच सांगते, घाबरू नका. मी एक जुनी बंदूक आहे खरी, पण खेळण्यातली. माझ्या पोटात दारूगोळा नसतो, वाटाण्याहून लहान असे पांढरे प्लास्टिकचे छर्रे असतात. आजवर माझ्या हातून एक माशीही मेलेली नाही. रिकामे डबे मात्र मी पुष्कळ लोळवले आहेत आणि त्याचा मला अजूनही थोडा गर्व आहे.

एका कारखान्यात साच्यातून माझे दोन अर्धे भाग बाहेर पडले. आत स्प्रिंग बसली, अकरा स्क्रू आवळले गेले आणि मी एक झाले. शेवटी एका बाईने माझ्या नळीचे टोक भडक केशरी रंगात बुडवले. काळ्याभोर अंगावर हे केशरी नाक पाहून मला अगदी लाजल्यासारखे झाले. खरी बंदूक दिसायची माझी केवढी हौस होती! अक्कल मला जरा उशिराच आली.

मला घरी आणले ते एका घड्याळे दुरुस्त करणाऱ्या तरुणाने. घरात तो, आई आणि बाबा, एवढीच माणसे. आई शिवणकाम करायची. बाबा लाकडी सामानाला पॉलिश करायचे. त्यांनी घासलेल्या टेबलात बघून म्हणे केस विंचरता यायचे. सुट्टीच्या दिवशी आमची स्वारी मैदानावर जायची. डोळ्यांना जाड गॉगल लावून सगळे मित्र डब्यांवर नेम धरायचे. आमच्या मालकाचे पहिले दोन छर्रे कुठे जायचे ते देव जाणे, तिसरा मात्र हटकून डब्यावर बसायचा. म्हणून मित्र त्याला ‘तिसरा’ म्हणत. घरी आल्यावर तो मला मऊ फडक्याने पुसायचा आणि स्प्रिंगला तेलाचा एक थेंब द्यायचा. असे लाड फार थोड्या खेळण्यांच्या वाट्याला येतात.

मग एके दिवशी मैदानावरून परतताना वळणावरच्या वाळूत त्याची मोटारसायकल घसरली. मी त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होते. पिशवी फाटली आणि मी रस्त्यावरून घासत गेले. माझ्या अंगावर लांबच लांब ओरखडे उठले. पण माझे काय, मी प्लास्टिक. त्याचा उजवा हात मनगटापासून मोडला होता. दोनदा शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण बोटे मिटेनात. ज्या बोटांनी तो तांदळाएवढे स्क्रू उचलायचा, त्यांना पेलाही धरवेना.

तो घरी आला त्या दिवशी बाबांचा तोल सुटला. काळजीने त्यांना कित्येक दिवस झोप नव्हती. माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “या खेळण्यापायी हात घालवून बसलास! लहान आहेस का आता?”

त्याने मला पलंगाखाली सरकवले आणि स्वतः खोलीत बसून राहिला. बोटांच्या व्यायामासाठी त्याला एक रबरी चेंडू मिळाला होता. एक दिवस तोही घरंगळत माझ्या शेजारी आला आणि तिथेच राहिला. चार महिने आम्ही दोघे धूळ खात पडलो होतो. वर पलंगावर तो, खाली आम्ही. बापलेकांचे बोलणे ‘जेवलास का?’ आणि ‘हो’ यापुढे जात नव्हते. हात चालवला नाही तर बोटे कायमची आखडतील, असे डॉक्टरांनी बजावले होते. आई रोज समजवायची. तो मान हलवायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा.

एका दुपारी तो झोपलेला असताना आईच्या केरसुणीने मला बाहेर ओढले. बाबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. “हे ओरखडे दिसले की त्याला सगळं आठवत असेल,” ते हळूच म्हणाले. “तो उठायच्या आत हिला नवी करतो.”

मला त्यांचे मन कळले. त्यांना त्या बोलण्याची माफी मागायची होती, पण ते जमत नव्हते. जन्मभर त्यांनी गप्पा मारल्या त्या लाकडाशीच.

बाबांचा एक नियम होता. कोणतीही वस्तू हाती आली की काहीही लावायचे ते आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचे. गिऱ्हाइकांना ते हे इतक्यांदा सांगत, की आईला पाठ झाले होते. पण त्या दिवशी घाई होती. मागच्या अंगणात बसून त्यांनी कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवला आणि जुने पॉलिश काढावे तसा माझ्या दस्त्यावर जोरात चोळला. मित्रांनो, लाकूड ते सहन करते. मी प्लास्टिकची! माझी कातडी लोण्यासारखी मऊ झाली आणि बाबांचा अंगठा तिच्यात रुतला. त्यांनी तो उचलला तर पाकासारख्या तारा निघाल्या.

“अगं, ही तर विरघळतेय!” बाबा घाबरून फुंकर घालू लागले.

थिनरचा वास खोलीपर्यंत गेला असावा. दारात तो उभा होता, केस विस्कटलेले, डोळे मोठे झालेले. “बाबा! प्लास्टिकला थिनर लावतं का कोणी?”

चार महिन्यांत त्याने उच्चारलेले ते सर्वांत लांब वाक्य होते. आईचे शिवणयंत्र थांबले. बाबा खाली मान घालून अंगठा पुसत राहिले.

“आधी कोपऱ्यात लावून बघायला हवं होतं मी,” ते म्हणाले. मग थोडे थांबून, “त्या दिवशी बोलतानाही. चुकलंच माझं.”

तो अंगणात येऊन खाली बसला. “आता हात लावू नका तिला. वाळू दे आधी,” एवढेच बोलला, पण तो अंगणातून उठला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझी डागडुजी सुरू झाली. डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर धरून त्याने माझे अकरा स्क्रू काढले. मला साबणाने आंघोळ घातली, खोल ओरखडे बुजवायला त्यांत लांबी भरली. मग ओल्या पॉलिश पेपरने घासायची वेळ आली. बाबांनी पेपरची घडी त्याच्या उजव्या हाताखाली ठेवली आणि वर आपला पंजा ठेवला. पहिल्या दिवशी दहा वेळा हात फिरला आणि त्याला घाम फुटला. पाचव्या दिवशी बाबांनी आपला पंजा गुपचूप काढून घेतला, तरी पेपर चालतच होता. आईने ते खिडकीतून पाहिले आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, “दोन दोन पॉलिशवाले आहेत घरात, पण माझ्या कपाटाकडे बघायला कोणी रिकामं नाही!”

वादही झाले. बाबांना मला नाकापासून दस्त्यापर्यंत एकाच रंगात रंगवायचे होते. “केशरी टोक झाकायचं नाही,” तो ठामपणे म्हणाला. “लांबून बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हे खेळणं आहे म्हणून. उगाच कोणाच्या छातीत धडकी का भरायची?” टोकाला रंग लागू नये म्हणून त्याने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. तेव्हा कुठे मला माझ्या नाकाची किंमत कळली. बाकी अंगावर रंगाचे पातळ हात बसले आणि मी कपड्यांच्या दोरीवर आईच्या परकराशेजारी वाळत लटकले. दस्त्यावर बाबांनी बारीक कुंचल्याने लाकडाच्या रेषा काढल्या. राहवेना त्यांना, दुसरे काय!

फक्त अंगठ्याचा खळगा तेवढा राहिला. बाबा लांबी घेऊन आले, तर त्याने मला बाजूला ओढले. “हा असू दे.”

“अरे, वाईट दिसतं ते.”

“दिसू दे.”

माझे अकरा स्क्रू पुन्हा आवळले गेले आणि अंगणाच्या भिंतीवर डबा मांडला गेला. दोघांनी गॉगल लावले, बाबांनी तर चष्म्यावरून. त्याने मला डाव्या हातात धरले. माझी स्प्रिंग ताणायचा खटका ओढायला जोर लागतो, तो बाबांनी ओढला. पहिला छर्रा चुकला, दुसरा चुकला. तिसराही भिंतीवर आपटला. हा आता मला खाली ठेवणार आणि खोलीत जाणार, या भीतीने माझे अकराही स्क्रू थरथरले. बाबांनी पुन्हा खटका ओढला. चौथा, पाचवा, सहावा. सातव्याला डबा खणखणत खाली पडला.

“आता याचं नाव बदला, सातवा म्हणा!” आई खिडकीतून ओरडली, आणि तो हसला.

मग त्याने बाबांना थांबवले आणि उजवा हात स्वतःच माझ्या खटक्यावर ठेवला. खटका अर्ध्यात अडला. बाबांचा हात पुढे आला आणि हवेतच थांबला. त्याने दात आवळून पुन्हा ओढले. माझ्या पोटात ‘टक्’ असा आवाज झाला, स्प्रिंग पूर्ण ताणली गेली. बाबांनी गॉगल काढला आणि काच पुसायचे निमित्त करून पाठ फिरवली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा, पण जपून. आधी एखाद्या कोपऱ्यात लावून बघा. आपल्या माणसांशी बोलतानाही तेवढे जपा. आणि चूक झालीच, तर सांगायला चार महिने लावू नका.

तो आता पुन्हा घड्याळे उघडतो, सावकाश. मी कपाटाच्या वरच्या फळीवर असते, केशरी नाक पुढे करून. सुट्टीच्या दिवशी तो मला उचलतो, तेव्हा त्याचा अंगठा बाबांच्या अंगठ्याच्या खळग्यात अगदी बरोबर बसतो.