सगळं ‘नाही’ सांगणाऱ्यांचा मला वीट आलाय

मी एक जुनी सी.टी. स्कॅन मशीन आहे. मलकापुरात हायवेच्या कडेला एका तपासणी केंद्राच्या तळमजल्यावर गेली बारा वर्षं बसून आहे. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी हजारो माणसांच्या पोटात डोकावले. आतड्यांची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती माणसांच्या लपवाछपवीची.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. क्रेननं मला ट्रेलरवरून उतरवलं तेव्हा नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. आता पुण्याला पळायला नको, म्हणून लोकांनी माझं केवढं कौतुक केलं! ते फार टिकलं नाही. आज माझ्या दाराबाहेरचा कोपरा पिचकाऱ्यांनी लाल झालाय. गालात तंबाखूची गोळी दाबून माणसं माझ्या फळीवर आडवी होतात. सोनं काढून ठेवा म्हटलं, तर माळ पदराखाली सरकवतात, आणि चित्रात नेमक्या दुखण्याच्या जागी पांढरे फराटे उठतात. शी!

तरी हे सगळं मी सोसते. सोसवत नाही तो तपासणीआधी भरायचा फॉर्म, आणि त्यातली खोटी ‘नाही’. मला चालवणारी प्रियदर्शनी त्यातला एकेक प्रश्न मोठ्यानं वाचते. आधी हे इंजेक्शन घेतलंय का? तेव्हा त्रास झाला होता का? दमा, किडनीचं दुखणं, साखरेच्या गोळ्या? बाई असेल तर दिवस गेलेत का? काही तपासण्यांत चित्र स्पष्ट यावं म्हणून नसेतून औषध सोडतात. अंग क्षणभर गरम होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण एखाद्याला ते औषध सोसत नाही. तो कोण, हे मला बाहेरून दिसत नाही. ते त्यानंच सांगायचं असतं.

गेल्या हिवाळ्यात हिंदुराव आले. फौजेतले निवृत्त हवालदार. दोन महिने पोट दुखत होतं. सोबत बायको, चंद्राबाई.

“काका, आधी हे इंजेक्शन घेतलं होतं का?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“न्हाई.”

“कसली ॲलर्जी?”

“न्हाई. लिव सगळं न्हाई. येकदम फिट हाय मी!” छाती पुढे काढून हिंदुराव म्हणाले.

“आवं, तवा फौजेत...” चंद्राबाई पुढे सरकल्या.

“तू गप गं!”

त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

ही छाती काढून म्हटलेली ‘न्हाई’ माझ्या चांगल्या ओळखीची आहे. फौजेत दरसाल तपासणी होते. दुखणं कळलं की तब्येतीची कॅटेगरी खाली येते, बढती अडते. म्हणून वीस वर्षं दुखणं गिळायचं. इकडे घरटी एक फौजी, त्यामुळे ही सवय घराघरात. पेन्शन सुरू होते, सवय काही सुटत नाही.

औषध नसेत गेलं. माझं चाक फिरलं. दोनच मिनिटांत हिंदुरावांच्या मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टी मारू लागला. प्रियदर्शनीनं मला थांबवलं आणि डॉक्टरांना हाक मारत धावली. डॉक्टरांनी मांडीत सुई टोचली, नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. तोवर तो माणूस माझ्या फळीवर तडफडत होता आणि मी नुसती बघत होते. त्या वेळी मला माझीसुद्धा घृणा वाटली.

अर्ध्या तासानं त्यांच्या तोंडावर रंग आला. डॉक्टरांनी चंद्राबाईंना आत बोलावून विचारलं, तशी त्या रडू लागल्या.

“फौजेच्या दवाखान्यात ह्येच झालं हुतं. मला ठावं हुतं, डाक्टर. चारचौघांत ह्यांचा पानउतारा नगं, म्हून गप बसले.”

हिंदुरावांनी प्रियदर्शनीला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, “पोरी, गावात कळाय नगं.”

मित्रांनो, श्वास परत मिळाला आणि पहिली काळजी ही! मला शिसारी आली.

चंद्राबाईंनी डोळे पुसले. “गावात मीच सांगणार. चावडीम्होरं हुभी ऱ्हाऊन सांगणार. आन् पोरी, त्या कागदावर आत्ताच्या आत्ता ‘व्हय’ लिव. लाल पेनानं लिव.”

आता माझे दिवस भरत आलेत. नवी मशीन येईल, माझ्यापेक्षा बारीक बघेल. पण तुम्ही लपवलेलं तिलाही दिसणार नाही. येताना जुने कागद आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा. उपाशी या म्हटलं तर खरंच उपाशी या. आणि मित्रांनो, तुमचे आजोबा माझ्यासमोर छाती काढून ‘न्हाई’ म्हणाले आणि तुम्हाला खरं ठाऊक असलं, तर बाकावर जाऊन बसू नका. तिथल्या तिथं बोला. ते तुमच्यावर ओरडतील. ओरडू द्या. ओरडायला श्वास लागतो.